गिअर जड पडतोय? इंजिन खोलण्याआधी एवढं तपासा

मागच्या भागात आपण कार्ब्युरेटर साफ कसा करायचा ते पाहिलं. आजचा विषय तुमच्यापैकी पुष्कळांनी मागितलेला आहे: जुन्या मोटारसायकलचा गिअर जड पडणं. कुणी म्हणतं गिअर अडकतो, कुणी म्हणतं सिग्नलला न्यूट्रल लागतच नाही, कुणी म्हणतं पहिला टाकला की गाडी धक्का मारून पुढं जाते. तक्रारी वेगवेगळ्या वाटतात, पण त्यांचं मूळ शोधायची वाट एकच आहे. आज ती वाट आपण पायरी पायरीनं चालू.

सुरुवातीलाच एक कबुली देतो, कारण आजची सगळी गोष्ट त्यातूनच निघाली.

मी इंदूरला राहतो. आमच्या गल्लीत एक काका-काकू डब्यांचा व्यवसाय करतात. भंवरकुआंच्या बाजूला शिकायला आलेली मुलं खोल्या घेऊन राहतात, त्यांना दोन वेळचे डबे पोचवायचे. स्वयंपाक काकूंचा, पोचवणं काकांचं. गाडी 100 सीसीची, चार गिअरची, 2004 सालची. दिवाळीच्या सुमारास काकांचा फोन आला, "अरे, गिअर फार जड पडतोय." मी घाईत होतो. गाडी न बघता सांगून टाकलं, "काका, क्लचची केबल जरा ताणून घ्या, होईल ठीक."

काही दिवस ठीक झालंही. पुन्हा जड वाटलं, काकांनी पुन्हा ताणली. असं चार-पाच वेळा. उन्हाळा आला तेव्हा गाडी चढावर ओढेना, ॲव्हरेज कमी झालं, आणि गिअर तर पहिल्यापेक्षा जड. गॅरेजवाल्यानं सांगितलं, "गिअरबॉक्स गया, इंजन खोलना पड़ेगा." खर्च सात हजार, आणि गाडी आठ दिवस गॅरेजमध्ये. काकू माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "सात हजार कसेतरी जमवू रे, पण आठ दिवस डबे कोण पोचवणार? मुलं दुसरी मेस लावून टाकतील."

त्या गाडीचा गिअरबॉक्स गेला नव्हता. जे बिघडलं होतं, त्यात माझ्या त्या फोनवरच्या सल्ल्याचाही वाटा होता. कसा, ते पुढं येईलच. आधी यंत्र समजून घेऊ.

पायाखाली नेमकं काय घडतं

बहुतेकांना वाटतं की गिअर बदलताना दातेरी चाकं एकमेकांत शिरतात आणि बाहेर येतात. आपल्या मोटारसायकलमध्ये तसं नसतं. सगळ्या गिअरच्या जोड्या कायम एकमेकांत अडकलेल्याच असतात आणि कायम फिरत असतात. फरक एवढाच की एका वेळी एकच जोडी शाफ्टला पक्की बांधलेली असते. हे बांधण्याचं काम चाकाच्या बाजूला असलेले जाड खुंट करतात. मिस्त्री त्यांना डॉग म्हणतात. एका चाकाचे खुंट शेजारच्या चाकाच्या खाचांत जाऊन बसले की गिअर पडला.

आता तुमच्या पायापासून त्या खुंटांपर्यंतचा प्रवास बघा. तुम्ही लिव्हर दाबता. लिव्हर गिअर शाफ्टला फिरवतो. शाफ्टवरचा पंजा एका चांदणीसारख्या चकतीला एक घर पुढं ढकलतो, तिला स्टार म्हणतात. स्टारबरोबर गिअर ड्रम फिरतो. ड्रमवर वाकड्यातिकड्या खाचा कोरलेल्या असतात. त्या खाचांत बसलेले फोर्क डावी-उजवीकडे सरकतात आणि चाकांना सरकवतात. स्टारवर स्प्रिंगनं दाबलेला एक छोटा रोलर असतो. तो प्रत्येक घरात टक्कन बसतो, म्हणून आपल्या पायाला तो ओळखीचा "टक्" जाणवतो. शेवटी एक मोठी स्प्रिंग लिव्हरला परत मधल्या जागी आणते.

या सगळ्याच्या अलीकडं उभा असतो क्लच. खुंट खाचेत जायचे किंवा बाहेर यायचे असतील तर त्यांच्यावर इंजिनाचा जोर असून चालत नाही. क्लच दाबला की इंजिन आणि गिअरबॉक्स यांची फारकत व्हायला हवी. ती अर्धवट झाली तर खुंट दाबाखाली घट्ट धरून बसतात, आणि आपण पायानं कितीही जोर लावला तरी गिअर जडच पडतो.

म्हणजे संशयित तीन झाले. पहिला क्लच, दुसरा लिव्हर ते ड्रमपर्यंतची यंत्रणा, तिसरा खुद्द गिअरबॉक्स. तिसऱ्यासाठीच फक्त इंजिन पूर्ण खोलावं लागतं. म्हणून तपास नेहमी पहिल्यापासून सुरू करायचा.

चार चाचण्या, पाना न लावता

*चाचणी एक: इंजिन बंद.* गाडी सपाट जागी डबल स्टँडवर घ्या. इंजिन बंद, चावी काढून खिशात. डाव्या बाजूला बसा. मागचं चाक टायरला धरून हातानं पुढं-मागं हलवत राहा आणि दुसऱ्या हातानं लिव्हर दाबून एकेक गिअर टाका. चाक हलवणं गरजेचं आहे, कारण इंजिन बंद असताना खुंट खुंटासमोर आला तर चांगल्या गाडीतही गिअर पडत नाही. चाक थोडं हललं की खुंट खाचेसमोर येतो. हात आणि कपडे चेनपासून लांब ठेवा.

असे सगळे गिअर हलके पडले, पण इंजिन चालू असताना जड पडतात, तर यंत्रणा आणि गिअरबॉक्स बहुधा निर्दोष आहेत. संशय क्लचवर. इंजिन बंद असतानाही जड पडत असेल तर लिव्हर, शाफ्ट किंवा आतला भाग.

*चाचणी दोन: क्लच खरंच सुटतो का.* इंजिन गरम करा. गाडी सपाट रस्त्यावर उभी करा, क्लच पूर्ण दाबा, पहिला टाका. क्लच दाबलेलाच ठेवून बघा. गाडी पुढं सरकायला बघते का? इंजिन बंद पडायला बघतं का? तसं होत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही.

डबल स्टँडवर हीच चाचणी केली तर मागचं चाक थोडं फिरताना दिसेल. त्यानं घाबरू नका. थंड तेल चिकट असतं, ते प्लेटांना थोडं ओढतंच. मागचा ब्रेक हलकेच दाबल्यावर चाक थांबलं आणि इंजिनाच्या आवाजात फरक पडला नाही, तर ठीक. ब्रेक दाबल्यावर इंजिन दबत असेल तर क्लच दोषी.

*चाचणी तीन: लिव्हर परत येतो का.* गिअर टाकून पाय काढा. लिव्हर झटकन मधल्या जागी यायला हवा. सावकाश येत असेल, किंवा पायानं उचलावा लागत असेल, तर शाफ्ट वाकलेला आहे, चिखलानं जाम झालाय, किंवा आतली परतीची स्प्रिंग थकली आहे.

*चाचणी चार: कोणता गिअर?* सगळेच गिअर जड पडत असतील तर दोष बहुतेक वेळा बाहेर असतो: क्लच, तेल, लिव्हर. एकच गिअर त्रास देत असेल, किंवा गिअर पडतो पण ॲक्सिलरेटर दिल्यावर आपोआप सुटतो, तर खुंट झिजलेले किंवा फोर्क वाकलेला असू शकतो. तिथं इंजिन खोलणं खरंच गरजेचं आहे.

काकांच्या गाडीवर मी या चारही चाचण्या केल्या. इंजिन बंद असताना चारही गिअर हलके पडत होते. लिव्हर छान परत येत होता. कुठलाही गिअर सुटत नव्हता. इंजिन चालू केल्यावर मात्र क्लच दाबूनही गाडी पुढं सरकत होती. म्हणजे दहा मिनिटांत, एक रुपया खर्च न करता, कळलं की गिअरबॉक्स उघडायचं कारण नाही.

लिव्हर: सगळ्यात सोपं

तुमच्या गाडीत दोष लिव्हरकडे निघाला तर आधी बाहेरच बघा. लिव्हर शाफ्टच्या दात्यांवर बसवून एका बोल्टनं आवळलेला असतो, बऱ्याच गाड्यांत त्याला 10 नंबरचा पाना लागतो. तो ढिला झाला तर पायाचा अर्धा प्रवास वाया जातो आणि गिअर अर्धवट पडतो. दाते झिजले असतील तर नुसतं आवळून भागत नाही, लिव्हर बदलावा लागतो.

गाडी कधी डाव्या बाजूला पडली होती का, आठवा. लिव्हर वाकून इंजिनाच्या कव्हरला किंवा क्रॅश गार्डला घासत असेल. लिव्हर बसवायचा कोन चुकला तर पाऊल नीट खाली जात नाही आणि दोष मात्र गिअरला जातो. काही गाड्यांत लिव्हर आणि शाफ्टच्या मध्ये एक सळई असते, तिच्या टोकाच्या गोळ्या सुकतात. साफ करून ग्रीस लावलं की फरक पडतो. पावसाळ्यानंतर शाफ्टच्या सीलजवळ साचलेला चिखल ब्रशनं काढा. पाण्याचा जोरदार फवारा थेट सीलवर मारू नका.

केबल: सगळ्यात जास्त वेळा दोषी

हँडलवरचा क्लच लिव्हर आपण बराच खेचतो, पण त्यामुळे इंजिनाच्या आत प्लेटा सुटतात त्या साधारण दीड-दोन मिलिमीटर. आणि तेवढी जागा सगळ्या प्लेटांमध्ये वाटली जाते. म्हणजे एकेका प्लेटेच्या वाट्याला मिलिमीटरचा छोटासा अंशच येतो. म्हणून केबलमध्ये थोडासा जरी ढिलेपणा आला तरी त्याचा परिणाम थेट गिअरवर दिसतो.

लिव्हरच्या टोकाशी मोजलं तर 10 ते 20 मिलिमीटर मोकळा खेळ असावा, आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना हेच माप चालतं. मोकळा खेळ म्हणजे लिव्हर हलतो, पण अजून क्लचवर जोर येत नाही, तेवढं अंतर. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत असतो.

खेळ जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर जड पडतो. हे बहुतेकांना माहीत असतं. पण उलटी बाजू कुणी सांगत नाही. खेळ अजिबात नसेल तर क्लच पूर्ण *बसत* नाही. तुम्ही हात काढलेला असतो, तरी केबल क्लचला थोडी ओढून धरते. प्लेटा घसरतात, तापतात, झिजतात. आणि प्लेटा झिजल्या की बहुतेक गाड्यांत मोकळा खेळ आणखी कमी होतो. असं ते वाढत जातं.

आता लक्षात आलं ना, फोनवर "केबल ताणून घ्या" म्हणणं का चुकीचं होतं? काकांची केबल आतून सुकली होती, खालच्या टोकाशी दोन-तीन तारा तुटल्या होत्या. तिला बदलायला हवं होतं. ती ताणल्यामुळे दर वेळी थोडे दिवस बरं वाटलं, आणि दर वेळी मोकळा खेळ कमी होत शून्यावर आला. गाडी चढावर ओढत नव्हती, ॲव्हरेज पडलं होतं, ते त्यामुळेच.

केबल तपासायची पद्धत अशी. इंजिनाकडचं टोक सोडवा आणि लिव्हरकडून आतली तार हातानं पुढं-मागं ओढा. ती लोण्यासारखी सरकली पाहिजे. अडखळत असेल किंवा कुठं तारा तुटलेल्या दिसल्या तर विचार न करता बदला. नुसती सुकी असेल तर वरच्या टोकाला प्लास्टिकच्या पिशवीचा छोटा कोन करून दोऱ्यानं घट्ट बांधा, त्यात थोडं इंजिन ऑइल घाला आणि केबल उभी टांगून ठेवा. खालच्या टोकातून तेल ठिबकू लागलं की काम झालं. जाड ग्रीस आत कोंबू नका. त्यात धूळ बसते आणि केबल आणखी जड होते.

नवी केबल टाकताना जुनी जशी गेली होती तशीच न्या. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, ताण यायला नको, आणि सायलेन्सरला किंवा इंजिनाच्या पंखांना टेकायला नको. मोठा फरक खालच्या ॲडजस्टरनं घ्या, बारीक फरक वरच्या. लॉक नट आवळायला विसरू नका. काही गाड्यांत याशिवाय इंजिनावर क्लच पुशरॉडचा वेगळा स्क्रू असतो. तिथं आधी तो लावायचा, मग केबल.

तेल, चेन आणि आयडलिंग

चार स्ट्रोकच्या आपल्या बहुतेक गाड्यांत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स एकाच तेलात भिजतात. म्हणून तेल मोटारसायकलचंच हवं. डब्यावर जासो एमए किंवा एमए 2 असं लिहिलेलं असतं, ती ओल्या क्लचसाठीची खूण आहे. कारचं तेल स्वस्त मिळालं म्हणून घालू नका. त्यातल्या काहींत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात आणि क्लच घसरायला लागतो. पुस्तिकेतल्यापेक्षा फार जाड तेल घातलं तर थंडीत सकाळी क्लच ओढतो. तेल कमी असलं तरी वाईट, जास्त भरलं तरी वाईट. तेल जुनं होऊन पातळ झालं की गिअर खडखडायला लागतात. पुष्कळदा फक्त तेल बदलूनच अर्धी तक्रार जाते.

जुन्या गाड्यांचं गणित थोडं वेगळं. 1985 साली आलेली आरएक्स 100 दोन स्ट्रोकची. तिच्या पेट्रोलबरोबर जळणारं तेल वेगळं आणि गिअरबॉक्सचं वेगळं. 2टी तेल नेमानं भरणारे कितीतरी जण गिअरबॉक्सचं तेल बदलायचंच विसरतात. त्याच वर्षी आलेल्या सीडी 100 मध्ये मात्र एकच तेल. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला, आणि तिचा गिअरबॉक्स इंजिनापासून वेगळा, त्याचं तेलही वेगळं. क्लच डाव्या बाजूच्या प्रायमरी केसमध्ये, तिथं तिसरं तेल. पूर्वी म्हैसूरला बनलेल्या जुन्या जावा-येझदीत किकचाच दांडा गिअरचा लिव्हर होतो, आणि तो दाबताना क्लचही थोडा उचलला जातो. तिथं ही जुळणी बिघडली तरी गिअर जड वाटतो. म्हणून शेजाऱ्याच्या गाडीचा उपाय आपल्या गाडीला जसाच्या तसा लावू नका.

दोन बारीक गोष्टी. चेन फार ताणलेली किंवा फार ढिली असेल तर गिअर झटका देत पडतो. बऱ्याच छोट्या गाड्यांत चेन मध्यभागी अडीच सेंटिमीटरच्या आसपास वर-खाली हलावी लागते. आणि आयडलिंग वाढवलेलं असेल तर पहिला गिअर धाडकन पडतो. 100 सीसीच्या गाडीला मिनिटाला 1400 च्या आसपास फेरे पुरतात. मीटर नसेल तर कानानं ठरवा: बंद न पडता शांत चालेल एवढंच.

काकांच्या गाडीत पुढं काय झालं

रविवारी संध्याकाळी डबे नसतात. त्या दुपारी आम्ही केबल बदलली, खेळ 15 मिलिमीटर ठेवला, तेल बदललं. लिव्हर लोण्यासारखा झाला, गिअर हलके पडू लागले. काका खूश. मीही खूश.

सोमवारी रात्री काका आले. "सकाळी झकास. पण वीस मिनिटं चालली की परत तेच."

ही माहिती सोन्यासारखी होती. केबल नवी, खेळ बरोबर, थंड असताना ठीक, गरम झाल्यावर बिघाड. म्हणजे दोष केबलच्या पुढं, प्लेटांमध्ये. इतके महिने घसरून तापलेल्या लोखंडी प्लेटा सपाट राहिल्या नसणार.

पुढच्या रविवारी क्लच कव्हर उघडलं. हे इंजिन पूर्ण खोलणं नाही, हे लक्षात घ्या. इंजिन गाडीतच राहतं. गार झाल्यावर तेल काढलं. कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी खोचून ठेवला. क्लचच्या स्प्रिंगचे बोल्ट एकदम एक न सोडता आडवेतिडवे, थोडे थोडे ढिले केले. मधला खाचांचा नट काढायला खास पाना लागतो. तो ओळखीच्या मिस्त्रींकडे होता, तेच दोन तास येऊन बसले. छिन्नी आणि हातोडीनं तो नट काढायचा मोह होतो, तो टाळा.

लोखंडी प्लेटा आम्ही जाड काचेवर ठेवून बघितल्या. एक निळसर पडली होती, आणि तिच्या कडेखालून फीलर गेज सहज जात होता. छोट्या गाड्यांत साधारण 0.2 मिलिमीटरपेक्षा जास्त वाकलेली प्लेट चालत नाही, ही त्याहून जास्त होती. क्लच हाउसिंगच्या बोटांवर प्लेटांच्या कानांनी हलक्या खाचा पाडल्या होत्या. अशा खाचांत प्लेटा अडकतात आणि सुटत नाहीत. खाचा उथळ होत्या, म्हणून मिस्त्रींनी बारीक कानशीनं सारख्या केल्या. खोल असत्या तर हाउसिंगच बदलावं लागलं असतं.

त्याच जागी स्टार आणि रोलरही दिसतात. स्टारचा बोल्ट घट्ट होता, रोलर फिरत होता, स्प्रिंग शाबूत होती. तुमच्या गाडीत क्लच चांगला असून न्यूट्रल सापडत नसेल तर इथं जरूर बघा. ढिला झालेला तो एक बोल्ट किंवा अडकलेला रोलर सगळा घोळ घालू शकतो. मधला नट ढिला असेल तर पूर्ण क्लच डुगडुगतो, तेही तपासा.

नव्या प्लेटा बसवण्याआधी तासभर इंजिन ऑइलमध्ये भिजवल्या. पॅकिंग नवं टाकलं. गाडी जोडली. काकांनी अर्धा तास गर्दीतून फिरवून आणली आणि राजवाड्याच्या सिग्नलला दोनदा न्यूट्रल लागल्याचं येऊन सांगितलं.

हिशेब असा: केबल 180, प्लेटांचा संच 650, पॅकिंग 60, तेल 380, मिस्त्रींना 200. एकूण 1470 रुपये आणि दोन रविवार. एकही डबा चुकला नाही. मी वेळीच गाडी बघितली असती तर 180 रुपयांत भागलं असतं. हे मी काका-काकूंनाही सांगितलं. काकू म्हणाल्या, "आता फोनवर औषध देत जाऊ नकोस." तेव्हापासून देत नाही.

मिस्त्रींशी बोलताना

सात हजार सांगणारा माणूस लबाडच होता असं मी म्हणणार नाही. "गिअर जड पडतो" एवढंच ऐकलं तर गर्दीच्या वेळी कुणीही गिअरबॉक्सकडे बोट दाखवेल. म्हणून तुम्ही बेळगावात असा, बडोद्यात, हैदराबादेत की दिल्लीत, भाषा कुठलीही असो, चार गोष्टी नेमक्या सांगा. इंजिन बंद असताना गिअर हलका पडतो की जड? क्लच दाबल्यावर गाडी सरकते का? थंड असताना आणि गरम झाल्यावर फरक आहे का? सगळे गिअर की एकच? ही चार उत्तरं दिलीत तर चांगला मिस्त्री इंजिनाला हात लावण्याआधी क्लच बघेल. आणि त्यानं जुने भाग बदलले तर ते परत मागून घ्या.

इंजिन खोलणं खरंच गरजेचं असेल तेव्हा टाळूही नका. चालत्या गाडीत गिअर आपोआप सुटत असेल, आतून करकर आवाज येत असेल, किंवा तेल काढताना धातूचे तुकडे सापडले, तर गाडी चालवणं थांबवा. ओव्हरटेक करताना गिअर सुटला तर जीवावर बेततं.

शेवटी आपल्या सवयी. क्लच अर्धा दाबून गाडी रेंगाळत नेऊ नका. गिअर लिव्हरवर पाय ठेवून चालवू नका, त्यानं फोर्क झिजतात. सिग्नलला पूर्ण थांबण्याआधी, चाक फिरत असतानाच न्यूट्रल करा. गिअर टाकताना लिव्हर शेवटपर्यंत दाबा आणि मग पूर्ण सोडा. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीच्या प्लेटा एकमेकींना चिकटतात. ती सुरू करण्याआधी गिअरमध्ये टाका, क्लच दाबून धरा आणि गाडी हातानं पुढं-मागं ढकला. "टप्" करून प्लेटा सुटतात.

या रविवारी आधी फक्त पहिली चाचणी करून बघा. इंजिन बंद, डबल स्टँड, एक हात चाकावर, एक लिव्हरवर. त्यातून काय निघालं ते मला जरूर कळवा. पुढच्या भागात आपण मागच्या ड्रम ब्रेकचे लायनर बघणार आहोत. तोवर सांभाळून चालवा, हेल्मेट घाला. नमस्कार.